धागा: शेतकरी उत्पादक कंपनीची माहिती-गोपनीयता १ ते ५ मध्ये किती? खरेदीदाराची प्रश्नावली कशी भरायची

पांढरकवडा_काटा

नमस्कार मंडळी. कापूस-सोयाबीनचे मोठे खरेदीदार आता शेतकरी उत्पादक कंपनीला करारासोबत एक प्रश्नावली जोडून देतात. सभासदांच्या वैयक्तिक माहितीची काळजी कंपनी कशी घेते, याला मुद्देवार १ ते ५ गुण द्यायचे. सूचना, संमती, माहिती किती वर्षं ठेवता, कोणाला देता, फुटली तर काय करता, असे चाळीसेक प्रश्न असतात.

उदाहरणासाठी धरून चला: सहाशे सभासद, अकरा गावं, बारा गटप्रमुख, कार्यालयात पाच माणसं, तीन संगणक, टॅली, आणि शेताचे नकाशे काढणारं बाहेरच्या कंपनीचं एक ॲप. संचालक मंडळाचा कल "सगळीकडे ४ टाका, कोण पाहायला येते" असा.

गुण कशावरून ठरवायचे? आणि ४ टाकले तर नेमकं काय बिघडते?

लेखापाल_वाशीम

दादा, आधी विचारा की पट्टी कोणाची आहे. पाच पायऱ्यांची पट्टी बहुधा एआयसीपीए-सीआयसीएच्या प्रारूपावरून आलेली असते. अमेरिका आणि कॅनडातल्या सनदी लेखापालांच्या या संस्था. २०११ चं ते प्रारूप, त्यात ७३ निकष आणि प्रत्येक निकषाला पाच पायऱ्या. निस्ट या अमेरिकन सरकारच्या मानक-संस्थेचा गोपनीयता आराखडा जानेवारी २०२० चा, त्यात मात्र चारच पायऱ्या आहेत, आणि सगळ्यांनाच तिसऱ्या-चौथ्या पायरीला जायची गरज नाही हे त्यातच म्हटलं आहे. एका पट्टीवरचा ३ दुसऱ्या पट्टीवरचा ३ नसतो. प्रश्नावलीवर पट्टीचं नाव नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

पाच पायऱ्या आपल्या कार्यालयात अशा दिसतात:

१ म्हणजे ज्याच्या हाती जे पडलं ते त्याच्या पद्धतीनं. आधारचा फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

२ म्हणजे सवयीनं बरं चाललं आहे, पण ते एका माणसाच्या डोक्यात आहे. तो सुट्टीवर गेला की बंद.

३ म्हणजे पद्धत लिहिलेली, मंडळाचा ठराव झालेला, अकराही गावांत एकच फॉर्म, आणि माणसांना ती शिकवलेली. "लिहिलेली" एवढ्यावरच ३ देऊ नका. इथंच सगळे घसरतात. संकेतस्थळावरून उतरवलेलं बारा पानी इंग्रजी धोरण कपाटात असणं ही पायरी २ सुद्धा नाही.

४ म्हणजे तिचं मोजमाप होतं. तिमाहीत किती सभासदांनी माहिती दुरुस्त करायला सांगितली, किती दिवसांत झाली, सोडून गेलेल्या किती जणांचे पासवर्ड बंद केले, हे आकडे मंडळाच्या इतिवृत्तात दिसतात.

५ म्हणजे त्या आकड्यांवरून पद्धत बदलली जाते आणि बाहेरचा माणूस येऊन तपासतो.

सहाशे सभासदांच्या कंपनीनं ५ च्या नादी लागू नये. संमती, सुरक्षा, फूट झाल्यावरची कारवाई, या तिन्हींत खरा ३ आला तर तालुक्यात नाव निघेल.

खोटा ४ टाकला तर? भरलेली प्रश्नावली बहुतेक वेळा कराराचं परिशिष्ट होते. म्हणजे ते तुमचं लेखी निवेदन झालं. उद्या यादी फुटली की खरेदीदाराचा वकील आधी तेच पान काढेल.

वऱ्हाडी_बाणा

राजेहो, हे सगळं कागदावर बरं दिसते. दिवाळीनंतर काट्यावर पन्नास ट्रॉल्या उभ्या राह्यल्या का संमतीचा कागद कोन वाचून दाखवते? शेतकरी म्हन्ते, "माप कर अन् पैसे टाक." थ्या गर्दीत तुमचं ३ कुठून येईन?

तपासनीस_अकोला

बाणाभाऊ, काट्यावर संमती घ्यायचीच नसते. त्यावर वकीलसाहेब लिहितीलच, मी तपासणीचं सांगतो.

प्रश्नावली वरून खाली भरत जाऊ नका. ग्रेडर ट्रॉलीच्या वरचा कापूस पाहून प्रत ठरवत नाही, हात तळाशी घालतो आणि ओलावा मोजतो. तसंच इथं करायचं. एका सभासदाचा एक कागद धरा, तो गावातून निघून शेवटी कुठं कुठं जाऊन पडतो ते पायी पायी पाहा. आधारची प्रत घ्या, कारण तिचेच पाय सगळ्यात जास्त ठिकाणी गेलेले असतात.

साधारण माग असा निघतो. गटप्रमुख ओसरीवर बसून आधार, पासबुक आणि आठ-अ चे फोटो काढतो. ते त्याच्या फोनच्या गॅलरीत. फोनचा फोटो-बॅकअप चालू असेल तर त्याच्या खासगी गूगल खात्यात. मग ते "सभासद नोंदणी" नावाच्या व्हॉट्सॲप गटावर, म्हणजे गटात जितकी माणसं तितक्या फोनांत, कारण फोटो आपोआप उतरतात. कार्यालयात ऑपरेटर व्हॉट्सॲप वेबवरून ते डाउनलोड्समध्ये घेतो आणि एक्सेलमध्ये बारा आकडे टाइप करतो. एक्सेल गूगल ड्राइव्हवर, "लिंक असलेला कोणीही पाहू शकतो" अशा सेटिंगनं. प्रिंटर बंद असला तर फाइल चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर जाते आणि त्याच्या संगणकावर कायमची राहते. पुढं लेखापरीक्षकाचा ईमेल, नकाशावाल्या ॲपचा सर्व्हर, बँकेचा प्रतिनिधी, खतकंपनीचा प्रतिनिधी.

थांबे मोजा. पहिल्यांदा मोजणाऱ्याला चार-पाच वाटतात, निघतात दहाच्या वर. प्रत्येक थांब्यावर चारच प्रश्न: प्रत इथं का आहे, कोण पाहू शकतो, कधी पुसली जाणार, पुसली हे कशावरून कळेल. ज्या थांब्यावर "का आहे" याचंच उत्तर नाही तिथं पायरी १, मग धोरणात काहीही लिहिलेलं असो.

मग नमुना तपासणी. सभासद रजिस्टरमधून दर साठावं नाव घ्या, दहा नावं होतात. ओळखीची नावं निवडू नका, नाहीतर संचालकांच्याच फाइली पुढं येतात आणि त्या नेहमी टापटीप असतात. प्रत्येकासाठी पाहा:

– संमतीचा पुरावा दहा मिनिटांत सापडतो का. नुसता अर्ज नव्हे, कोणती सूचना वाचून दाखवली ती आवृत्ती आणि तारीख.
– अर्जावर न लागणारी माहिती घेतली आहे का. सोयाबीन विकायला सभासदाची जात आणि घरातल्या माणसांची यादी कशाला?
– मोबाइल क्रमांक खरंच त्या सभासदाचा आहे का.
– बँक खातं बदललं असेल तर जुनं खातं किती जागी अजून लिहिलेलं आहे.

यानंतर तीन चाचण्या, त्या टाळू नका.

पहिली, काम सोडलेल्या माणसाची. मागच्या दोन वर्षांत गेलेले दोन कर्मचारी किंवा गटप्रमुख घ्या. ते अजून व्हॉट्सॲप गटात आहेत का, ड्राइव्हच्या शेअर यादीत त्यांचा ईमेल आहे का, टॅलीत त्यांचं लॉगिन चालते का. सगळ्यांचं एकच जीमेल आणि एकच पासवर्ड असेल तर ही चाचणी करताच येत नाही. तेव्हा "कोणाला किती मुभा" या मुद्द्याला सरळ १.

दुसरी, पुसण्याची. शेअर परत करून गेलेला एक सभासद घ्या आणि त्याची माहिती जिथं ठेवायची गरज नाही तिथून काढून दाखवा. ड्राइव्हवरून काढली तरी बॅकअपच्या हार्ड डिस्कमध्ये असते, लेखापरीक्षकाच्या ईमेलमध्ये असते. व्हॉट्सॲपवर "आपोआप जाणारे संदेश" सात दिवसांवर ठेवले तरी गॅलरीत उतरलेला फोटो जात नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तिसरी, बाजाराच्या दिवशी गटप्रमुखाचा फोन हरवला असं समजा. त्या फोनमध्ये कोणकोणत्या सभासदांचे कागद होते याची यादी किती वेळात तयार होते? दिवस मावळेपर्यंत झाली तर ३ च्या जवळपास. यादीच करता येत नसेल तर १.

फोन तपासताना गटप्रमुखाची परवानगी घ्या आणि त्यालाच स्क्रीन चालवू द्या. गोपनीयता तपासायला जाऊन त्याच्या घरचे फोटो चाळायचे नसतात.

संत्रा_वरूड

एक शंका. सातबारा महाभूलेखवर कोणालाही दिसतो. मग त्यावरचं नाव-क्षेत्र गोपनीय कसं? आणि कपाटातल्या कागदी फाइलींचं काय, त्यांनाही हे सगळं लागू?

वकील_पुसद

दोन्ही प्रश्न मोलाचे, कारण यावरून तपासणीचा आवाकाच ठरतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चं कलम ३ पाहा. तो डिजिटल स्वरूपातल्या माहितीला लागतो, किंवा आधी कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या. कपाटातला निव्वळ कागद बाहेर, त्याचा मोबाइलवर फोटो काढला की आत. तसंच कायद्यानं सार्वजनिक करावी लागणारी माहिती त्यातून वगळली आहे, म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आणि गट क्रमांक याबद्दल फार घाबरू नका. पण कंपनी सातबारा एकटा ठेवत नाही. त्याच ओळीत आधार, खाते क्रमांक, मोबाइल, मागच्या हंगामात किती क्विंटल विकलं, कोणाचं किती उचल बाकी, हे सगळं असते. त्या ओळीला ती सूट नाही.

आता बाणाभाऊंचं काट्याचं. कलम ७ खाली, माणसानं स्वतःहून ठरावीक कामासाठी माहिती दिली आणि हरकत घेतली नाही, तर तेवढ्या कामासाठी ती वापरता येते. चुकाऱ्यासाठी पासबुक दिलं, चुकारा केला, वेगळी संमती नको. तेच पासबुक किंवा मोबाइल क्रमांक बियाणं कंपनीला दिला तर ते "तेवढं काम" राहत नाही. तिथं कलम ५ ची सूचना आणि कलम ६ ची संमती लागते. सभासद-अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात "माझी माहिती कोणालाही देण्यास संमती आहे" असं छापलेलं असते, ते या कसोटीवर टिकत नाही. संमती ठरावीक कामापुरती, समजून दिलेली, बिनशर्त पाहिजे. द्यायला जितकी सोपी, परत घ्यायलाही तितकीच सोपी. वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती घेतली होती हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे. म्हणून अकोल्याच्या भाऊंची ती दहा मिनिटांची कसोटी बरोबर आहे.

सूचना मराठीत मागायचा हक्क सभासदाला आहे, कारण इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा निवडायची मुभा कायद्यानं दिली आहे. फक्त इंग्रजी सूचना असेल तर त्या मुद्द्याला १ च्या वर जाऊ नका.

मुदतीचं: नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटींपर्यंत, फूट झाल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. "पर्यंत" हा शब्द ठळक वाचा. दंड ठरवणारं सरकारी माहिती संरक्षण मंडळ चुकीचं गांभीर्य, कालावधी, तुम्ही काय उपाय केले हे पाहते. आकडा दाखवून संचालकांना भीती घालण्यापेक्षा तो उपायांचा भाग समजावून सांगा.

लेखापाल_वाशीम

वकीलसाहेब, किती दिवस ठेवायचं यावर एक भर घालतो, कारण "सगळंच कायम ठेवा" हे प्रत्येक कार्यालयात ऐकू येते. हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर कंपनी कायद्यानं आठ आर्थिक वर्षं. सभासद रजिस्टर कायम. पण आधारची प्रत रजिस्टरचा भाग नाही. ओळख पडताळली, "पडताळली, तारीख, सही" असा शेरा मारला की बहुतेक ठिकाणी प्रतीचं काम संपते. एखाद्या योजनेच्या अटीत प्रत ठेवा असं लिहिलं असेल तर ती अट क्रमांकासह नोंदवा आणि झाकलेलं आधार घ्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आणि ई-आधारची पीडीएफ पासवर्डची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तुमच्या एक्सेलमध्ये ही दोन्ही शेजारी-शेजारीच असतात.

बचतगट_आर्वी

तपासनीसभाऊंनी मोबाइल क्रमांकाचा मुद्दा एका ओळीत सोडला, तो मोठा आहे. महिला सभासदांच्या नावापुढं लिहिलेला क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा, मुलाचा किंवा पुतण्याचा असतो. मग सूचनेचा संदेश त्याला जाते, ओटीपी त्याला जाते, आणि संमती "मिळाली" म्हणून नोंद होते. बाईला तिची माहिती कुठं गेली याचा पत्ताच नाही. उलट बाजूनंही होते: तिच्या खात्यात किती चुकारा आला तो संदेश घरभर.

यासाठी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: "क्रमांक कोणाचा – स्वतःचा / घरातला / शेजारचा". स्वतःचा नसेल तर पैशाचे संदेश बंद, सूचना गटाच्या मासिक बैठकीत वाचून दाखवायची. वाचणाऱ्याचं नाव, तारीख, हजर सभासदांच्या सह्या-अंगठे, आणि कोणती सूचना वाचली तिचा क्रमांक. सूचना पाऊण पानाच्या वर नको. काय घेतो, कशाला घेतो, कोणाला देतो, नको असेल तर कोणाला सांगायचं. मोठ्यानं वाचायला पाच मिनिटं लागली पाहिजेत, त्याच्यापेक्षा जास्त लागली तर कोणी ऐकत नाही.

योजनेच्या फॉर्ममध्ये मुलांची नावं, शाळा, वय घेतात तेही पाहा. १८ वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकाची पडताळलेली संमती लागते. कामाची नसेल तर तो रकानाच छापू नका, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

जिनिंग_हिंगणघाट

खरेदीदाराच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला पाहिजे. प्रश्नावलीत "तुमचे प्रक्रियादार कोण" (म्हणजे तुमच्या सांगण्यावरून माहिती हाताळणारे) असा प्रश्न असतो, तिथं बरेच जण खरेदीदाराचंच नाव टाकतात. सेंद्रिय किंवा शाश्वत कापसासाठी शेतकऱ्यांची यादी आणि शेताचे नकाशे खरेदीदाराला जातात, म्हणून तो प्रक्रियादार झाला असं समजतात.

वकील_पुसद

तो प्रक्रियादार नाही. माहिती कशासाठी वापरायची हे जो ठरवते तो माहिती-विश्वस्त. खरेदीदार ती यादी स्वतःच्या पुरवठा साखळीचा दाखला म्हणून स्वतःच्या कारणासाठी वापरतो, म्हणून तो वेगळा विश्वस्त. नकाशे काढून देणारं ॲप मात्र कंपनीच्या सांगण्यावरून काम करते, ते प्रक्रियादार.

फरक मोठा आहे. प्रक्रियादाराकडून फुटलं तरी कलम ८ प्रमाणे जबाबदारी उत्पादक कंपनीचीच, करारात काहीही लिहिलेलं असो. विश्वस्ताला माहिती देताना मात्र सभासदाला आधी सांगावं लागते की तुमचं नाव आणि शेताची हद्द अमुक खरेदीदाराला जाणार.

जिनिंग_हिंगणघाट

तत्त्वतः मान्य. पण ॲपवालेही सरळ नसतात. "सेवा सुधारण्यासाठी माहिती वापरू" अशी ओळ त्यांच्या अटींत असते. ती ओळ असली की तेही स्वतःच्या कारणासाठी वापरू लागले, मग ते निव्वळ प्रक्रियादार कसे? करारात तीन गोष्टी लिहून घ्या: आमच्या कामाशिवाय वापर नाही, करार संपला की तीस दिवसांत पुसून लेखी कळवायचं, आणि फूट दिसल्याबरोबर चोवीस तासांत आम्हाला सांगायचं. हे तीस आणि चोवीस कायद्यातले आकडे नाहीत, घासाघीस करून ठरवायचे आहेत. ॲपवाला ऐकत नसेल तर त्याला पूर्ण आधार देऊ नका, सभासद क्रमांक पुरतो. नकाशाला आधार लागत नाही.

वकील_पुसद

ती ओळ असेल तर तुमचं बरोबर. सही करण्याआधी खोडायला लावा.

संत्रा_वरूड

सरासरी कशी काढायची? चाळीस प्रश्न, बेरीज भागिले चाळीस?

लेखापाल_वाशीम

अजिबात नको. सरासरीनं रोग झाकतो. समजा एका कंपनीची नमुना तपासणी अशी निघाली:

माहितीची यादी: ३. रजिस्टर आहे, थांबे लिहिलेले आहेत, सहा महिन्यांत एकदा पाहिलं जाते.
सूचना आणि संमती: २. मराठी सूचना आहे पण अकरापैकी सातच गावांत वाचली.
मुभा आणि पासवर्ड: १. एकच जीमेल.
ठेवणे आणि पुसणे: २.
बाहेरच्यांशी करार: २. ॲपवाल्याशी आहे, लेखापरीक्षक आणि एसएमएसवाल्याशी नाही.
सभासदाच्या तक्रारी व दुरुस्ती: ३. वही आहे, तारखा आहेत.
फुटीवरची कारवाई: १.

सरासरी २ येते आणि मंडळाला वाटते, चला, दोन तर आहे. प्रत्यक्षात एका पासवर्डवर सहाशे लोकांची खाती टांगलेली आहेत. त्यामुळं वरच्या पानावर मुद्देवार गुण द्या आणि सगळ्यात खालचा आकडा ठळक करा. एकच आकडा मागितला तर संमती, मुभा आणि फूट या तिघांतला सर्वात लहान द्या. वरच्या उदाहरणात १.

आणि प्रत्येक गुणापुढं तीन रकाने: पुरावा कोणता, तो कुठं ठेवला आहे, कोणी कोणत्या तारखेला पाहिला. पुरावा नसलेला ३ म्हणजे २.

वऱ्हाडी_बाणा

१ लेहून पाठवला त खरेदीदार माल घेईन का?

जिनिंग_हिंगणघाट

१ सोबत तारखेचा कार्यक्रम लावला तर बहुतेक ठिकाणी चालते. "मुभा: १. स्वतंत्र लॉगिन आणि दोन टप्प्यांची पडताळणी ३० जूनपर्यंत, जबाबदार लेखापाल." तपासणाऱ्याला हे वाचून बरं वाटते, कारण सगळीकडे ४ आलेल्या प्रश्नावल्यांवर तो विश्वासच ठेवत नाही. आधी त्याच कंपन्यांकडून पुरावे मागवतो.

तपासनीस_अकोला

१ वरून ३ ला नेणारी स्वस्त कामं आधी उरका. यातल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

कंपनीचा एकच नंबर फक्त कागद घ्यायला ठेवा, गटावर फोटो टाकणं बंद. गटप्रमुखानं त्या नंबरवर पाठवायचं, पावती आली की स्वतःच्या फोनमधून पुसायचं, "अलीकडे हटवलेले" मधूनही. त्या फोनवर फोटो-बॅकअप बंद. ड्राइव्हची प्रत्येक लिंक "मर्यादित" करा. पाच माणसांना पाच लॉगिन. संगणकाच्या हार्ड डिस्कला बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय), पण ते विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण मिळत नाही, हे खरेदीआधी पाहा. बॅकअपची डिस्क कार्यालयाच्याच कपाटात ठेवण्यात अर्थ नाही, आग लागली किंवा चोरी झाली की दोन्ही जातात. दुसऱ्या गावात कुलपात ठेवा, पासवर्ड लावून. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप आहे असा नुसता समज. जुना संगणक भंगारात जाताना डिस्क काढून ठेवायची.

झेरॉक्सवाल्याकडं फाइल पाठवणं बंद करणं जड जाते. एक साधा प्रिंटर हाच उपाय. तोवर पेनड्राइव्हवरून प्रिंट, तीही समोर उभं राहून.

फुटीवरच्या कारवाईचं एक पान भिंतीला लावा. बाधित सभासदांना आणि माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल कळल्यापासून ७२ तासांत. शिवाय सायबर घटना असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत. तो सहा तासांचा नियम आजही लागू आहे, मे २०२७ ची वाट पाहत नाही. पानावर तीन नावं, तीन फोन, आणि कळवण्याचा मसुदा मराठीत आधीच लिहिलेला: काय झालं, कोणती माहिती गेली, तुम्ही आता काय करावं, कोणाला फोन करायचा. "घाबरू नका" एवढंच लिहिलेला मसुदा उपयोगाचा नाही. खातं फुटलं असेल तर बँकेत काय करायचं ते लिहा.

बचतगट_आर्वी

गुण देणार कोण हेही ठरवा. जो माहिती गोळा करतो त्यानंच गुण दिले तर ३ च्या खाली कधी येत नाही.

तपासनीस_अकोला

बरोबर, ताई. शेजारच्या उत्पादक कंपनीचा लेखापाल यांच्याकडे, यांचा त्यांच्याकडे. त्याला नमुन्याचे कागद कार्यालयातच दाखवायचे, प्रती द्यायच्या नाहीत, आणि एक पानाचं गुप्ततेचं हमीपत्र घ्यायचं. माहिती संरक्षण अधिकारी नेमणं हे फक्त सरकारनं "महत्त्वाचे" म्हणून जाहीर केलेल्या विश्वस्तांना बंधनकारक आहे. बाकीच्यांनी प्रश्नांना उत्तर देणारा एक माणूस ठरवून त्याचा संपर्क जाहीर करायचा. दहा नावांची तपासणी, तीन चाचण्या आणि लिखाण धरून दोन माणसांना आठवडाभर पुरते.

वेळ एप्रिल-मे ची. तूर-कापूस आटोपलेला असतो आणि मृगाची घाई सुरू व्हायची असते. त्यात निघालेले गुण सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ठेवता येतात आणि सूचनेचं वाचनही तिथंच उरकते. काट्यावर ट्रॉल्या लागायच्या आत.

पांढरकवडा_काटा

सर्वांचे आभार. एक राहिलं. काही प्रश्न आपल्याला लागूच होत नाहीत, जसं "परदेशात माहिती पाठवता का". तिथं ५ टाकायचे का लागू नाही?

लेखापाल_वाशीम

"लागू नाही", आणि कारण एका ओळीत. पण आधी नकाशावाल्या ॲपला लेखी विचारा की त्यांचा सर्व्हर कुठल्या देशात आहे. तो बाहेर निघाला तर प्रश्न लागू होतो.